पद्मिनी, अँबॅसिडर आणि पाच स्मार्टफोन : जुन्या गाड्यांतून पुणे ते गोवा

मे २०२३ मध्ये आम्ही पाच जण दोन जुन्या गाड्या घेऊन पुण्याहून गोव्याला गेलो. एक माझ्या काकांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, दुसरी मित्राच्या आजोबांची १९७६ ची अँबॅसिडर मार्क ३. पाचातले तिघं सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे फोनची तयारी एकदम जोरात. पाच फोन, तीन पॉवर बँका, दोन कार चार्जर, दोन मोबाइल होल्डर. पान्यांची पिशवी मात्र एकच, तीही काकांनी निघताना न विचारता डिकीत टाकलेली.

नकाशाने सांगितलं, साधारण नऊ तास. आम्ही गोव्यात पोहोचलो दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात फोनने आम्हाला तीन वेळा वाचवलं आणि एकदा चांगलंच अडचणीत आणलं. अडचणीत आणलं म्हणजे फोन बिघडला असं नाही. तो बरोबरच चालत होता, मी त्याच्याकडून नको ती अपेक्षा केली. फोन नेमकं काय करतो आणि काय करत नाही, हे त्या दिवशी जितकं कळलं तितकं कॉलेजच्या चार वर्षांत कळलं नव्हतं. तेच आज सोपं करून सांगतो.

आधी गाड्यांची ओळख

पद्मिनी म्हणजे मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी. मूळ फियाट ११०० ची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. इंजिन १०८९ सीसी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. अँबॅसिडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ती २०१४ पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाडा इथे बनत होती. दोन्ही गाड्यांचा गिअर स्टिअरिंगजवळ.

आपण सरसकट 'व्हिंटेज' म्हणतो, पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेलीच गाडी व्हिंटेज ठरते. तशी नोंदणी केली तर ती गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच बाहेर काढता येते. आमच्या गाड्या तेवढ्या जुन्या नव्हत्या. त्यांची नोंदणी नेहमीप्रमाणे नूतनीकरण केलेली होती, विमा आणि पीयूसी चालू होतं.

महत्त्वाचा फरक असा. आजच्या गाडीत ओबीडी नावाचं पोर्ट असतं. त्यात छोटं डिव्हाइस लावलं की इंजिनचं तापमान, सेन्सरचे एरर कोड, सगळं फोनवर दिसतं. आमच्या गाड्यांत पोर्ट नाही, कारण कॉम्प्युटरच नाही. सेन्सर म्हणजे आपलं नाक, कान आणि पाय.

फास्टॅगला बॅटरी लागत नाही

टोलनाक्यावर एका मैत्रिणीने विचारलं, "इतक्या जुन्या गाडीत फास्टॅगला करंट कुठून मिळतो?" उत्तर : गाडीतून नाहीच. काचेवरच्या स्टिकरमध्ये एक बारीक चिप आणि अँटेना असतो. टोलवरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्या लहरींतूनच चिपला काही क्षण पुरेल एवढी ऊर्जा मिळते आणि ती आपला नंबर परत पाठवते. त्यामुळे गाडी १९७६ ची असो की कालची, फास्टॅगला काही फरक पडत नाही.

नकाशाचे नऊ तास कोणाचे?

मॅपवर दिसणारा वेळ कसा काढतात? रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो फोनचा वेग कळत असतो. त्या वेगाची सरासरी, त्याच वारी त्याच वेळी पूर्वी किती वेळ लागला होता याची नोंद, आणि आत्ताची गर्दी, यावरून अंदाज बांधला जातो. ही पद्धत पूर्ण फोनवर अवलंबून आहे. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने हातगाडीत ९९ जुने फोन ठेवून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली, तर मॅपवर तिथे ट्रॅफिक जॅम दिसायला लागला!

म्हणजे नऊ तास हा 'इतर लोकांच्या' गाड्यांचा वेळ. तुमची गाडी कोणती, तिचा ब्रेक कसला, चढावर ती कितीवर येते, यातलं मॅपला काहीच माहीत नाही. आम्ही हायवेवर ६० च्या आसपास होतो. वर पहाटे पाचला निघायचं ठरलेलं असताना प्रत्यक्षात साडेआठ वाजले. एक जण उशिरा उठला आणि अँबॅसिडरने ढकलून घेतल्याशिवाय चालू व्हायला नकार दिला.

एक गोष्ट फोनने झकास केली. अँबॅसिडरच्या स्पीडोमीटरची केबल तुटलेली होती, काटा शून्यावरच. मग फोनवर जीपीएसचा वेग लावून ठेवला. मोकळ्या रस्त्यावर तो चांगला अचूक असतो, जुन्या काट्यापेक्षा नक्कीच.

खंबाटकी घाट : गाडी तापली, फोनही तापला

अकराच्या सुमाराला खंबाटकीचा चढ. पुढे ट्रकची रांग, वर मे महिन्याचं ऊन, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पद्मिनीने दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली. त्याच मिनिटाला होल्डरमधल्या माझ्या फोनची स्क्रीन मंद झाली, चार्जिंग थांबलं आणि फोन थंड होऊ द्या असा मेसेज आला. आधी गंमत वाटली, मग मागून हॉर्न सुरू झाले.

दोघांचा आजार वरवर सारखाच. आतली कारणं मात्र वेगळी.

पद्मिनीला झालं होतं 'व्हेपर लॉक'. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. प्रेशर कुकर आठवा. कुकरमध्ये दाब जास्त म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याला १२० च्या आसपास जावं लागतं. इथे बरोबर उलटं. एक तर पेट्रोल मुळातच लवकर उडणारं, त्यात दाब कमी आणि शेजारी तापलेलं इंजिन. पेट्रोलची पाइपमध्येच वाफ झाली. पंप द्रव ढकलायला बनवलेला, वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे जात नाही. इंजिन उपाशी. आजच्या गाडीत इलेक्ट्रिक पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणजे कुकरसारखं. म्हणून नव्या गाडीत हा त्रास जवळपास संपला.

फोनचं काय झालं? काचेमागे ऊन, काळा डॅशबोर्ड, स्क्रीन फुल ब्राइटनेसवर, नेव्हिगेशन चालू, वर फास्ट चार्जिंग. पाचही गोष्टी उष्णता वाढवणाऱ्या, आणि जुन्या गाडीत एसी नाही. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी शून्य ते ३५ अंश तापमान सांगितलंय. मे महिन्यात बंद काचेमागे ते सहज ओलांडलं जातं. फोनच्या आत तापमान मोजणारे सेन्सर असतात. ठरावीक मर्यादा ओलांडली की सॉफ्टवेअर आधी प्रोसेसरचा वेग आणि स्क्रीन कमी करतं, मग चार्जिंग थांबवतं, तरी भागलं नाही तर फोन बंद करतं. लिथियम-आयन बॅटरी वाचवण्यासाठीच हे असतं.

फरक बघा. फोनने स्वतः सांगितलं, 'मी तापलोय'. पद्मिनीने फक्त आचके दिले, अर्थ आपण लावायचा. आम्ही तिघं इंजिनिअर बॉनेट उघडून मक्खपणे बघत उभे. शेवटी मागच्या ट्रकमधले एक मामा उतरले. पेट्रोल पंपाला आणि पाइपला हात लावून म्हणाले, "पोरांनो, तिला पाणी नको पाजू, तिच्या पंपाला ओला फडका गुंडाळा आणि वीस मिनिटं गप बसा." तसंच केलं. गाडी बाजूला सावलीत, फोनही सावलीत. वीस मिनिटांत दोघं तंदुरुस्त. मामांनी काय केलं? पाण्याची वाफ होताना पंपाची उष्णता घेऊन गेली, आतली पेट्रोलची वाफ पुन्हा द्रव झाली. माठाचं तत्त्व.

(तापलेला फोन पटकन फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका. आत दव साचून फोन कायमचा जाऊ शकतो. कव्हर काढा, सावलीत ठेवा, एवढं पुरतं.)

लाइव्ह लोकेशन आठच तासांचं

दोन गाड्यांची चुकामूक नको म्हणून निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन चालू केलं होतं. त्यात तीनच पर्याय असतात : १५ मिनिटं, १ तास, ८ तास. साडेआठला चालू केलं, साडेचारला ते गुपचूप संपलं. तेव्हा आम्ही कोल्हापुरात उशिरा जेवून निपाणीकडे निघालो होतो. निपाणीला आम्ही उत्तूर-आजऱ्याच्या रस्त्याला वळलो. अँबॅसिडर सरळ संकेश्वरला गेली आणि गडहिंग्लजकडून आली. प्रत्येक गाडीला वाटत होतं, दुसरी मागे आहे.

लाइव्ह लोकेशनला इंटरनेट लागतं. रेंज गेली तर समोरच्याला तुमची शेवटची जागा दिसत राहते, ती कितीची आहे हे मात्र खालची वेळ वाचूनच कळतं. आम्ही ठिपका बघितला, वेळ बघितली नाही. नशिबाने आजऱ्यात भेटायचं आधीच तोंडी ठरलं होतं. पावणेसातला चहाच्या टपरीवर दोन्ही गाड्या भेटल्या.

रेंज नाही, तरी निळा ठिपका चालतो

आजऱ्यापुढे रेंज येऊन-जाऊन होती. पण आमचा रस्ता चुकला नाही. इथे अनेकांचा गैरसमज असतो की जीपीएसला इंटरनेट लागतं. लागत नाही. तुमचा फोन फक्त ऐकतो, उपग्रहाला काही पाठवत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत 'मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत' एवढंच सांगत असतात. सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. चार उपग्रह मिळाले की जागा नक्की होते.

मग इंटरनेट कशाला? दोन कामांसाठी. एक, नकाशाची चित्रं उतरवायला. ती आधीच ऑफलाइन डाउनलोड केली तर प्रश्न मिटला. दुसरं, उपग्रह आत्ता कुठे आहेत ही माहिती झटकन मिळवायला. ही माहिती उपग्रह स्वतःही देतात, पण सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने! म्हणून बराच वेळ बंद असलेला फोन रेंज नसलेल्या जागी चालू केला, तर ठिपका यायला अर्धं मिनिट ते काही मिनिटं लागू शकतात. फोन बिघडला समजू नका, मोकळ्या आभाळाखाली थांबा.

अजून एक युक्ती. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधण्यात बॅटरी जाळतो. एअरप्लेन मोड लावा. आजच्या फोनमध्ये त्यातही जीपीएस चालू राहतं.

आंबोली : चूक माझी

आजऱ्यात आम्ही गाड्या बदलल्या. मी अँबॅसिडरच्या स्टिअरिंगवर, शेजारी तिचा मालक मित्र, मागे मैत्रीण आणि सामान. आंबोलीला पोहोचेपर्यंत पूर्ण अंधार. तिथेच मुक्काम करू, असं मैत्रीण दोनदा म्हणाली. मी फोन दाखवला : 'सावंतवाडी, पाऊण तास.' एवढं तर अंतर आहे, चला!

घाट उतरायला लागलो. मी आयुष्यभर नव्या गाड्या चालवलेल्या. टॉप गिअर आणि ब्रेकवर पाय, अशी सवय. पाच-सात वळणांनंतर जळका वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं आणि गाडी हवी तेवढी हळू झाली नाही. परत दाबला, अजून खोल. होल्डरवरचा निळा ठिपका शांतपणे वळण घेत होता. शेजारून मित्र ओरडला, "ब्रेक सोड, तिसरा टाक! आता दुसरा!" गिअर खर्रकन पडला, इंजिन किंचाळलं, पण गाडी आवरली. पुढच्या रुंद जागेला बाजूला घेतली, हँडब्रेक लावला, चाकांपुढे दगड ठेवले. माझे हात थरथरत होते.

याला 'ब्रेक फेड' म्हणतात. ब्रेक म्हणजे काय, तर गाडीची ऊर्जा उष्णतेत बदलणारं यंत्र. हिशोब करू. माणसं-सामानासह गाडी १४०० किलो धरा, उतार ६०० मीटरचा धरा. १४०० × ९.८ × ६०० म्हणजे सुमारे ८२ लाख जूल, अर्थात २.३ युनिट वीज. तुमच्या ५००० एमएएच फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची. म्हणजे जवळजवळ १२० फोन फुल चार्ज होतील एवढी ऊर्जा मी चार ड्रममध्ये ओतायला निघालो होतो!

ड्रम ब्रेकमध्ये लोखंडी ड्रमच्या आत दोन शू बाहेरच्या दिशेने दाबले जातात. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. त्याला गाठायला पेडल जास्त दाबावं लागतं. शिवाय तापलेल्या लायनिंगची पकड कमी होते. आजच्या डिस्कला वारा थेट लागतो, म्हणून ती लवकर थंड होते. खालच्या गिअरमध्ये मात्र इंजिनच गाडी मागे ओढतं आणि ती ऊर्जा ब्रेकऐवजी इंजिनमध्ये जिरते. घाटाचा जुना नियम म्हणूनच आहे : ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

फोनने मला खोटं सांगितलं नव्हतं. पाऊण तास हा आकडा बरोबर होता, फक्त तो माझ्या गाडीचा नव्हता.

आणि वर दिवेही पिवळे पडले

थांबलो तेव्हा मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवले. चार्जरला दोन फोन. दहा मिनिटांत दिवे पिवळे. कारण या अँबॅसिडरमध्ये अजून डायनॅमो आहे. आजच्या गाड्यांतला अल्टरनेटर इंजिन मंद चालत असतानाही वीज देतो. डायनॅमो मंद वेगात जवळपास काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर. ४५ वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टला साडेसात अँपिअर, ३० वॉटचे दोन फास्ट चार्जर म्हणजे अजून पाच. फोन हेडलाइटच्या तोंडचा घास पळवत होते!

चार्जर काढले, इंजिन आणि दिवे बंद केले. पद्मिनी मागे उभी करून तिचे पार्किंगचे दिवे लावले. या अँबॅसिडरला हॅझर्ड लाइट नाहीत, म्हणून मागच्या बाजूला एका फोनचा टॉर्च ठेवला. बाकीचे रस्त्यापासून आत जाऊन बसलो. पाऊण तासाने ड्रम थंड झाले, पेडल वर आलं. दगड काढले, पद्मिनीने बॅटरीला जम्प दिला आणि दुसऱ्या गिअरमध्ये, मालकाच्या हाती स्टिअरिंग देऊन खाली उतरलो. रात्री सावंतवाडीत मुक्काम. गोवा सकाळी.

तुम्ही जाणार असाल तर

- नकाशा आधी ऑफलाइन डाउनलोड करा. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिकची माहिती दिसत नाही, हे लक्षात ठेवा.
- मॅपच्या वेळेला जुन्या गाडीसाठी निदान दीडपट धरा आणि घाट दिवसाच उतरा.
- लाइव्ह लोकेशन कधी संपणार याचा अलार्म लावा. तरीही पुढचं भेटायचं ठिकाण तोंडी ठरवा.
- फोन काचेला चिकटवू नका. उन्हात फास्ट चार्जिंग टाळा. पॉवर बँक सीटखाली सावलीत ठेवा.
- कार चार्जरची वायर जोडताना वेगळा फ्यूज लावा. जुनं वायरिंग जास्तीच्या भारासाठी बनलेलं नाही.
- निघण्याआधी ब्रेक ऑइल, कूलंट आणि पेट्रोलचे रबरी पाइप तपासा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर खराब होऊ शकतं.
- सोबत रिफ्लेक्टरचा त्रिकोण, पाणी, सुती फडकं आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळे.
- तुमच्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर इमर्जन्सी कॉल त्यावरून जाऊ शकतो.

परत आल्यावर काकांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "वास आला तेव्हा थांबला का नाहीस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वास मला आला होता, पण फोनवर काही दिसत नव्हतं, म्हणून मी तो खरा मानला नाही.

तेव्हापासून नव्या गाडीतही एक सवय लावलीय. घाट सुरू झाला की फोनचा आवाज बंद, काच थोडी खाली, आणि कान-नाक गाडीकडे.